हनोई टॅक्सी आणि आमच्या गावची रिझर्व्ह एअरलिफ्ट विंग

डेटनवासी (धागाकर्ता)

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलोच. मी ओहायोमधल्या डेटनला राहतो, राइट बंधूंचं गाव. राइट-पॅटरसन हा एअरफोर्सचा मोठा बेस घरापासून वीसेक मिनिटांवर. सुरुवातीला आलो तेव्हा डोक्यावरून सी-१७ हे मोठं मालवाहू विमान गेलं की बाल्कनीत धावत जाऊन बघायचो, मग सवय झाली, आणि ती विमानं कोण उडवतं असा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडलाच नाही. एअरफोर्सचं विमान म्हणजे एअरफोर्सचे लोक, त्यात काय विचारायचं.

मग एकदा आमच्या टीममधला एक जण चार महिने गायब झाला. म्हणजे सांगून गेला, पण जेमतेम काही दिवस आधी. त्याचं काम आमच्या अंगावर आलं, मी पण कुरकुरलो, खोटं कशाला बोलू. तो परत आला तेव्हा जेवताना सहज विचारलं तर कळलं की हा ४४५ एअरलिफ्ट विंगमधे लोडमास्टर आहे. सोमवार ते शुक्रवार आमच्याबरोबर कंप्युटरसमोर, आणि बोलावणं आलं की सी-१७ च्या पोटात उभं राहून काय कुठे ठेवायचं, साखळ्यांनी कसं बांधायचं, विमानाचा तोल कुठे जातो याचा हिशोब. सी-१७ ला क्रू किती लागतो माहितीये? कमीत कमी तिघं. दोन पायलट आणि एक लोडमास्टर. म्हणजे ७७ टनांपर्यंत माल घेऊ शकणाऱ्या त्या धुडात मागच्या बाजूला जबाबदार माणूस एकटा आमचा हा सहकारी असू शकतो.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. ४४५ ही एअरफोर्स रिझर्व्हची, म्हणजे एरवी आपापली नोकरी करणाऱ्या अर्धवेळ सैनिकांची तुकडी. १९५२ साली सुरू झाली तेव्हा लढाऊ विमानांची होती, न्यूयॉर्क राज्यात बफेलोला. पन्नासच्या दशकाच्या शेवटी तिला मालवाहू तुकडी केलं आणि ती अटलांटाजवळ डॉबिन्सला गेली, आधी सी-१२३ मग अवाढव्य सी-१२४. १९७३ ला कॅलिफोर्नियात नॉर्टनला, तिथे सी-१४१. आणि १९९४ ला इथे आमच्याकडे. २००५ पासून काही वर्षं सी-५ होती, नाक वर उघडणारी, अठ्ठावीस चाकांची, आणि २०११ पासून सी-१७.

पण मला खरं सांगायचंय ते एका विमानाबद्दल. सी-१४१, नंबर ६६-०१७७. १२ फेब्रुवारी १९७३ ला हे विमान हनोईच्या जिया लाम विमानतळावर उतरलं आणि व्हिएतनाममधल्या अमेरिकन युद्धकैद्यांची पहिली तुकडी, ४० जण, घेऊन फिलिपिन्सच्या क्लार्क बेसला गेलं. त्यात एव्हरेट अल्वारेझ होते, ऑगस्ट १९६४ पासून कैदेत, म्हणजे साडेआठ वर्षं. एप्रिलपर्यंत एकूण ५९१ जण परतले. या विमानाला तेव्हापासून हनोई टॅक्सी म्हणतात. पुढे फिरत फिरत ते ४४५ कडे आलं, आणि या रिझर्व्हच्या लोकांनी ते देवघरातल्या मूर्तीसारखं जपलं, आणि तरी कामालाही लावलं. नुसतं शोभेला उभं नाही केलं. २००५ मधे कॅटरिना वादळात न्यू ऑर्लीन्समधून लोकांना हलवायला हेच विमान गेलं होतं.

आणि २००४ ची गोष्ट. मेजर जनरल एडवर्ड मेकेनबियर, जून १९६७ मधे त्यांचं एफ-४ लढाऊ विमान पडलं, पावणेसहा वर्षं हनोईत कैद. सुटल्यावर इथेच डेटनला नोकरी केली आणि नॅशनल गार्ड (राज्यांचं अर्धवेळ दल) आणि रिझर्व्हमधे उडत राहिले. निवृत्तीच्या आधी शेवटच्या मोहिमेवर ते हनोई टॅक्सी घेऊन पुन्हा हनोईला गेले, आणि तिथून दोन अमेरिकन सैनिकांचे अवशेष घेऊन आले. ज्या गावात कैदी होते तिथेच स्वतः पायलट म्हणून उतरले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही.

६ मे २००६ ला ते विमान शेवटचं उडालं, बेसपासून शेजारच्या एअरफोर्स म्युझियमपर्यंत. सगळ्या सी-१४१ मधलं ते शेवटचं उड्डाण. बनली होती २८५.

कोणाला या विषयात रस असेल तर लिहा, माझ्याकडे अजून बरंच आहे.

सायली_म

वाचतेय. मेकेनबियर यांचा भाग वाचताना काटा आला अंगावर. अजून लिहा.

शंकासुर

चांगला लेख. एक प्रामाणिक प्रश्न. महिन्यातून एक वीकेंड आणि वर्षातून दोन आठवडे, एवढ्या सरावावर माणूस एवढं मोठं विमान सुरक्षितपणे उडवू शकतो का? नियमित सैन्याचं समजू शकतो, ते रोज तेच करतात. पण हे तर बाकीचे दिवस बँकेत किंवा शाळेत. मला हे जरा जोखमीचं वाटतं.

डेटनवासी (धागाकर्ता)

@शंकासुर, मलाही हेच वाटलं होतं. पण एक वीकेंड आणि दोन आठवडे हे कागदावरचं कमीत कमी. पायलट, लोडमास्टर यांना ठराविक काळात ठराविक लँडिंग, रात्रीची उड्डाणं, हवेत इंधन भरणं हे सगळं करावंच लागतं, नाहीतर त्यांचं नाव ड्यूटीच्या यादीतून निघतं. त्यामुळे ते आठवड्यातल्या संध्याकाळी, सुट्टी टाकून, असे कितीतरी जास्त दिवस देतात. शिवाय प्रत्येक तुकडीत काही माणसं कायमची असतात, एअर रिझर्व्ह टेक्निशियन म्हणतात त्यांना, १९५८ पासूनची पद्धत आहे. आठवडाभर तेच विमान सरकारी नागरी कर्मचारी म्हणून दुरुस्त करायचं आणि ड्रिलच्या, म्हणजे सरावाच्या, वीकेंडला तेच काम युनिफॉर्ममधे. आणि यातले कित्येक जण आधी दहा-दहा वर्षं पूर्णवेळ एअरफोर्समधे काढून आलेले, काही तर एअरलाइनचे पायलट. नियमित दलातल्या लोकांची दर तीन-चार वर्षांनी बदली होते, रिझर्व्हवाला पंधरा-वीस वर्षं त्याच तुकडीत. विमानाचा खोकला ओळखणारा मेकॅनिक रिझर्व्हमधेच जास्त सापडतो असं आमचा सहकारी म्हणतो, आणि मला ते पटतं.

जुना_फौजी

मी भारतीय हवाई दलात ग्राउंड क्रूला होतो, ट्रान्सपोर्ट विमानांवर. धागा वाचून बरं वाटलं, कारण मालवाहू विमानांबद्दल कोणी लिहीत नाही, सगळ्यांना फायटर पाहिजे.

आपल्याकडे अशी रिझर्व्ह एअरलिफ्ट तुकडी नाही. प्रयत्न मात्र झाला होता. १९५२ चा रिझर्व्ह अँड ऑक्झिलरी एअर फोर्सेस ॲक्ट, आणि त्याखाली १९५५ पासून ५१ ते ५७ नंबरच्या ऑक्झिलरी स्क्वाड्रन, त्यात एक मुंबईची पण. वकील, डॉक्टर, इंजिनियर लोक हार्वर्ड विमानं उडवायला शिकायचे. पण ते काही टिकलं नाही. आपला सगळा एअरलिफ्ट नियमित दलच करतं, आणि ऑक्टोबर १९६२ मधे चीन युद्धात एएन-१२ विमानांनी एएमएक्स रणगाडे लडाखमधे चुशूलला नेऊन उतरवले ते आठवलं तर किती थोड्या लोकांनी किती केलं हे कळेल. सी-१७ आता आपल्याकडेही ११ आहेत, हिंडनला, ८१ स्क्वाड्रन. म्हणजे डेटनवासी यांच्या डोक्यावर जे उडतं तेच हिंडनवरून लेहला जातं.

डेटनवासी (धागाकर्ता)

काका, तुम्ही १९६२ चं काढलंत म्हणून सांगतो, अगदी त्याच आठवड्यात इकडे काय चाललं होतं बघा. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच. २७ ऑक्टोबरच्या रात्री रिझर्व्हच्या आठ ट्रूप कॅरियर (सैनिक वाहून नेणाऱ्या) विंगना बोलावणं गेलं, २८ ला सकाळी हजर व्हा. १४,२२० माणसं आणि ४२२ विमानं. फोनाफोनी, कोणाला झोपेतून उठवलं, कोणाला पार्टीतून. आणि लोक आले. त्याच दिवशी क्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं काढायचं मान्य केलं, त्यामुळे लढाई झालीच नाही, पण या लोकांना महिनाभर ठेवून घेतलं.

यातून एक धडा मिळाला तो असा की थोडीशीच विमानं हवी असली तरी अख्खी विंग बोलवावी लागते, कारण स्वयंपाकघरापासून दवाखान्यापर्यंत सगळं विंगकडे. म्हणून १९६३ मधे विंगमधल्या प्रत्येक स्क्वाड्रनभोवती एकेक छोटा स्वयंपूर्ण ग्रुप बांधला, त्यांना ९०० च्या पुढचे नंबर दिले. त्यातला ९०७ आमच्या इथून तासाभरावरच्या क्लिंटन काउंटीला. हा नंबर लक्षात ठेवा, नंतर सांगतो.

आणि दुसरी अक्कल १९६८ ची. सी-१४१ सारखी महाग विमानं रिझर्व्हला वेगळी कोण देणार? मग ठरलं की विमान एकच, माणसं दोन संच. नियमित तुकडीच्या शेजारीच रिझर्व्हची असोसिएट तुकडी, तीच विमानं दोघांनी उडवायची, दोघांनी दुरुस्त करायची. सुरुवात नॉर्टनला झाली, आणि ४४५ पाच वर्षांनी तिथेच जाऊन हेच करायला लागली. विमानं तेवढीच पण युद्धाच्या वेळी उडायचे तास जवळपास दुप्पट, कारण माणूस थकतो, विमान तेवढं थकत नाही.

कोल्हापुरी_फेटा

भारी धागा हाय दादा. आमच्या कोल्हापुरात टीएची (टेरिटोरियल आर्मी, आपलं अर्धवेळ सैन्य) १०९ बटालियन आहे, मराठा लाइट इन्फंट्रीची. आमच्या गल्लीतला एक जण होता त्यात, एरवी दुकान आणि बोलावणं आलं की वर्दी. लोक त्याला विचारायचे तू खरा फौजी का? त्याला लई राग यायचा. तो म्हणायचा गोळी काय ओळखपत्र बघून लागते काय. तुमचं वाचून त्याची आठवण झाली.

नोकरीचं काय करतात तिकडं? मालक सोडतो का चार चार महिने?

डेटनवासी (धागाकर्ता)

@कोल्हापुरी_फेटा, १९९४ चा कायदा आहे, परत आल्यावर तीच किंवा त्याच तोडीची नोकरी द्यावीच लागते, मधल्या काळातली बढती-ज्येष्ठता धरून. कायदा चांगला आहे. पण कायदा नोकरी देतो, मॅनेजरच्या कपाळावरची आठी काढत नाही. आमच्याच ऑफिसात एका मीटिंगमधे वरिष्ठांनी "याच्यावर महत्त्वाचं काम टाकू नका, कधी जाईल भरवसा नाही" असं सगळ्यांसमोर म्हटलेलं मी ऐकलंय. आणि मी गप्प बसलो होतो. ते मला आजही लागतं.

टेक्सासची_तारा

मी सॅन अँटोनियोला असते. इथे ४३३ एअरलिफ्ट विंग आहे, रिझर्व्हचीच, सी-५ वाली. @शंकासुर, तुम्ही जोखमीचं विचारलंत म्हणून लिहिते.

२९ ऑगस्ट १९९०. इराकने कुवेत घेऊन महिनाही झाला नव्हता. जर्मनीतल्या रामस्टाइनहून एक सी-५ रात्री उडालं, आखाताकडे सामान न्यायला. क्रू इथल्या केली बेसवरच्या, ४३३ मधल्याच ६८ स्क्वाड्रनचा, रिझर्व्हचे लोक, स्वेच्छेने गेलेले. उडतानाच एका इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर उघडला, म्हणजे जो उतरल्यावर ब्रेकसारखा वापरायचा तो. १७ जण होते, १३ गेले. लोरेन्झो गॅल्वन नावाचा लोडमास्टर वाचला आणि बाहेर पडल्यावर पुन्हा जळत्या विमानात आत गेला, बाकीच्यांना काढायला. त्याला एअरमन्स मेडल मिळालं.

एकाच गावातले, एकाच स्क्वाड्रनचे एवढे लोक एका रात्रीत. नियमित दलात माणसं देशभरची असतात, रिझर्व्हमधे सगळे आसपासचेच, मुलं एकाच शाळेत, खरेदी एकाच दुकानात. त्यामुळे दुःख पण अख्ख्या गावावर एकदम कोसळतं. हे मला इथे राहायला आल्यावर कळलं.

शंकासुर

ताई, धन्यवाद. माझा प्रश्न मागे घेतो असं नाही म्हणत, पण आता तो वेगळा झालाय. जोखीम त्यांच्यामुळे आपल्याला नसून त्यांनाच जास्त आहे असं दिसतंय.

निशिगंध

मी नर्स आहे, आयसीयूमधे. या तुकड्यांमधला जो भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अजून कोणी लिहिला नाही म्हणून लिहिते, एअरोमेडिकल इव्हॅक्युएशन, म्हणजे जखमी-आजारी लोकांना विमानाने हलवणं. ४४५ मधे त्याची स्वतंत्र स्क्वाड्रन आहे, आणि अमेरिकेच्या या कामाचा मोठा भाग रिझर्व्ह आणि गार्डच उचलतात, कारण अशा नर्स आणि टेक्निशियन नागरी हॉस्पिटलांतच असतात. आठवडाभर ट्रॉमा वॉर्ड आणि मग विमानात.

विमानात पेशंट सांभाळणं म्हणजे काय हे आयसीयूवाल्यालाच कळेल. स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही, इंजिनाचा आवाज एवढा. वर गेलं की केबिनचा दाब कमी होतो, हवा फुगते, म्हणजे छातीत किंवा डोळ्यात अडकलेली हवा पण फुगते, मग पायलटला सांगावं लागतं की केबिनचा दाब जमिनीसारखा ठेव, त्याला मग खालून उडावं लागतं आणि इंधन जास्त जळतं. अंधार, थंडी, कंपन. फारच गंभीर पेशंट असेल तर तिघांची वेगळी टीम चढते, डॉक्टर, क्रिटिकल केअर नर्स आणि श्वसनाचा तज्ज्ञ. सी-१७ मधे ३६ स्ट्रेचर आणि ५४ बसणारे पेशंट नेता येतात. माझ्या वॉर्डात बारा बेड आहेत आणि त्यात आम्ही घामाघूम.

कोविडमधे एप्रिल २०२१ च्या शेवटी आम्ही ऑक्सिजनसाठी अक्षरशः रडत होतो तेव्हा कॅलिफोर्नियाच्या ट्रॅव्हिस बेसवरून सी-५ आणि सी-१७ दिल्लीला सामान घेऊन आली होती, ३० एप्रिलला. तो व्हिडिओ आम्ही ड्यूटी रूममधे सगळ्यांनी मिळून बघितला होता.

डेटनवासी (धागाकर्ता)

@निशिगंध, ताई, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे. ट्रॅव्हिसला तीच असोसिएट पद्धत आहे, नियमित ६० विंग आणि रिझर्व्हची ३४९, दोघांची मिळून तीच विमानं.

आता ९०७ चं. व्हिएतनाममधे जंगलांची पानं गाळायला एजंट ऑरेंज हे तणनाशक फवारलं ते सी-१२३ विमानांतून, हे बहुतेकांना माहीत असेल. फवारणी थांबल्यावर ती विमानं परत आणली, टाक्या काढल्या आणि रिझर्व्हला दिली, साधी मालवाहू म्हणून. १९७२ ते १९८२. ओहायोतच रिकनबॅकरला हललेल्या ९०७ कडे, पिट्सबर्गला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टओव्हरला. विमानात वास यायचा म्हणे, लोक तक्रार करायचे. त्याच फरशीवर बसून डबे खायचे, तिथेच पेशंट न्यायचा सराव करायचे.

वेस्टओव्हरच्या विमानांपैकी एक, पॅचेस नावाचं, १९८० पासून इथल्या म्युझियममधे आहे. युद्धात त्याला जवळपास ६०० गोळ्या लागल्या होत्या, ठिगळं लावून लावून ते नाव पडलं. १९९४ मधे त्याची तपासणी केली तर आत डायॉक्सिन, म्हणजे एजंट ऑरेंजमधलं विष, निघालं. फवारणी थांबून वीस वर्षं उलटली होती. म्हणजे त्यात दर महिन्याला बसणाऱ्यांचं काय?

ही माणसं म्हातारी झाली, आजारी पडली, नुकसानभरपाई मागायला गेली तर उत्तर मिळालं की तुम्ही व्हिएतनामला गेला नव्हता. आणि दुसरं उत्तर याहून वाईट. कायद्यात माजी सैनिक म्हणजे कोण याची व्याख्या अशी होती की वीकेंडच्या ड्रिलमधे विषाचा संपर्क झाला तर तो धरायचाच नाही. अपघातात हाड मोडलं तर चालतं, हळूहळू भिनलेलं विष चालत नाही. कितीतरी वर्षं हे लोक कागद गोळा करत लढले. जानेवारी २०१५ मधे इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा अहवाल आला की हो, यांना संपर्क झाला असणार, आणि त्याच वर्षी जूनमधे नियम बदलला. साधारण १,५०० ते २,१०० लोकांना त्याचा लाभ मिळू शकेल असा सरकारी अंदाज होता. त्यातले किती जण तोवर गेले असतील.

आणि ही ९०७ तुकडी १९९३ मधे राइट-पॅटरसनला आली, पुढच्याच वर्षी ४४५ मधे मिसळली. म्हणजे हनोई टॅक्सीचा अभिमान ज्या घराण्याचा, त्याच घराण्यात हे पण. म्युझियममधे लोक हनोई टॅक्सीपुढे फोटो काढतात, मी पण काढलाय, पण आता मी पॅचेसपाशी जाऊन पण उभा राहतो. "वीकेंडचे सैनिक" हा शब्द कोणी हसत हसत वापरला की मला ते विमान दिसतं.

जुना_फौजी

हे माहीत नव्हतं. आम्ही पण जुन्या विमानांत काय काय हाताळलं, हातमोजे कुठले. मन सुन्न झालं.

सायली_म

आम्ही जुलैमधे कोलंबसला भावाकडे येतोय, मुलगा नऊ वर्षांचा आहे. म्युझियम एका दिवसात होईल का? आणि तुमचा तो सहकारी कसा आहे आता?

डेटनवासी (धागाकर्ता)

नक्की या. तिकीट नाही, फुकट आहे. सकाळी उघडल्या उघडल्या पोचा, हँगर एवढे मोठे आहेत की पाय दुखतात. हनोई टॅक्सी चौथ्या इमारतीत आहे, २०१६ मधे उघडलेली, केनेडींचं विमान पण तिथेच, मुलाला आवडेल. पॅचेस व्हिएतनामच्या दालनात. ठिगळं मोजायला सांगा त्याला.

सहकारी परवाच पुन्हा गेलाय. या वेळी आम्ही टीमने आधीच बसून त्याचं काम वाटून घेतलं, मॅनेजरने विचारायच्या आत. त्याच्या घरी काल तळघरातला पाणी उपसायचा पंप बंद पडला, पाऊस चालूच होता, बायकोचा फोन आला. मी आणि अजून एक जण जाऊन नवा बसवून आलो, रात्रीचे अकरा वाजले. तिने चहा केला आणि म्हणाली की तो आत्ता कुठेतरी अटलांटिकवर असेल, पोचला की मेसेज करेल. आम्ही तिथे असेपर्यंत आला नव्हता. आज सकाळी आला.